जाळीची काच

"मॅडम, हे खोटं बोलतंय," शिरगावे मामा म्हणाले.

प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या खोलीत आम्ही दोघंच होतो. मामांच्या हातात लाल कागद गुंडाळलेली बॅटरी होती आणि तिचा उजेड त्यांनी लेझर यंत्राच्या काळ्या डब्याच्या पाठीवर धरला होता. तिथं चिकटवलेल्या कागदावर छापलेलं होतं, पाच मिलीवॅट. इकडं टेबलावरच्या मीटरचा काटा शंभराच्या पलीकडं जाऊन टोकाला थडकला होता.

"पहिलंही खोटंच बोलत होतं," मी म्हणाले. "ह्याच्याहून जास्त."

"लेबल छापायला काय जातंय. आमच्या गल्लीत एक जण सायकलवर 'डॉक्टर' लिहून फिरतो. गुरांचाबी न्हाई."

मी त्या तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते, नऊ वर्षं. बाळासो शिरगावे त्याच प्रयोगशाळेत परिचर होते, एकतीस वर्षं. विद्यार्थी, शिक्षक, प्राचार्य, सगळेच त्यांना मामा म्हणत. लॅबमधल्या प्रत्येक उपकरणावर त्यांच्या हाताची पांढरी चिकटपट्टी होती. त्या पट्टीवर बॉलपेननं त्या उपकरणाचं लघुतम माप लिहिलेलं, त्यात मुळातली चूक असेल तर तीही, आणि खाली 'बा. शि.'. नवीन शिक्षक आला की पहिले सहा महिने तो पाठ्यपुस्तकापेक्षा त्या पट्ट्यांवर जगायचा. मीही जगले होते.

त्यांचा उजवा डोळा प्रसिद्ध होता. व्हर्निअरच्या दोन पट्ट्यांवरच्या नेमक्या कुठल्या रेषा जुळतात यावरून मुलं भांडत, तेव्हा मामांना बोलावलं जाई. मामा वाकत, डावा डोळा मिटत आणि आकडा सांगत. तो कधी चुकला नाही.

"ह्यो उजवा डोळा म्हंजे कॉलेजची प्रॉपर्टी," ते म्हणत. "डावा माझा, घरचा."

त्या वर्षी कॉलेजला पन्नास वर्षं होत होती. स्नेहसंमेलनासाठी लेझरचा लाइट शो करायचं ठरलं होतं आणि दर वर्षी भाड्यानं आणण्यापेक्षा स्वतःचंच एक यंत्र घ्यावं असं मगदूम सरांच्या मनात होतं. मगदूम सर आमचे प्राचार्य. आदल्या वर्षी कुठल्याशा मिरवणुकीत लेझरनं डोळ्यांना इजा झाल्याचं त्यांनी वाचलं होतं. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "स्वस्तातलं बघा, पण कमी शक्तीचं. पोरींच्या डोळ्यांना काही होता कामा नये. तुम्ही तपासून लिहून द्या, मग घेऊ."

कोल्हापूरच्या एका दुकानदारानं परत घेण्याच्या बोलीवर तीन यंत्रं पाठवली. किंमत जवळपास सारखीच. तिन्हींवर एकच आकडा छापलेला.

आमच्याकडं शक्ती मोजायचं यंत्र नव्हतं. पण लॅबचा जुना लाल लेझर दोन मिलीवॅटचा होता, हे मला पक्कं माहीत होतं. तो प्रकाशघटावर, म्हणजे उजेडाची वीज करणाऱ्या चकतीवर, पाडला की मीटरचा काटा चाळीसवर थांबे. म्हणजे एका मिलीवॅटला वीस विभाग. हिरव्या रंगासाठी हा हिशेब किंचित बदलतो, पण आमच्या कामाला तो पुरेसा होता. या यंत्रांच्या आत एकच हिरवा किरण होता. एका छोट्या मोटरवर बसवलेला आरसा तो किरण फिरवत होता. पुढं एक चौकोनी काच होती. दिसायला साधी, पण तिच्यावर डोळ्यांना न दिसणारी बारीक जाळी. त्या एका किरणाचे ती दीडशेच्या वर ठिपके करते. सगळा शो म्हणजे ते ठिपके.

प्रश्न मधल्या ठिपक्याचा असतो. स्वस्त काचेत सगळा भार मधल्या ठिपक्यात राहतो. बाकीचे ठिपके निरुपद्रवी आणि मधला एक डोळा घेणारा, असं होतं. काटा टोकाला जाई तिथं मध्ये उजेड ठरावीक पटीनं कमी करणारी गडद काच धरली, तेव्हा पहिल्या यंत्राचा मधला ठिपका तीस मिलीवॅट निघाला. दुसऱ्याचा अकरा. तिसरं लावलं तेव्हा काटा सोळावर जाऊन थांबला.

"सोळा," मी म्हणाले.

"सोळा," मामांनी वहीत लिहिलं. त्यांनी माझा शब्द ऐकला आणि लिहिला. काटा पाहायला ते उठले नाहीत. नऊ वर्षांत कधीच उठले नव्हते. मी सांगायचं आणि त्यांनी लिहायचं, ही आमची रीत होती. एवढी वर्षं तिच्यात मला काही विशेष वाटलं नव्हतं.

सोळा म्हणजे शून्य पूर्णांक आठ मिलीवॅट. चुकून डोळ्यावर आला तर माणूस पापणी मिटेल, एवढंच. मग मी स्क्रू काढून पुढची काच बाजूला केली आणि तशीच गडद काच मध्ये धरून नुसत्या किरणाचे मिलीवॅट मोजले. एकशे तीस.

"आणि डब्यावर पाच," मामा म्हणाले. "काच हाय तोवर गरीब गाय."

काच मी परत बसवली. कागदावर सगळं स्वच्छ लिहिलं: तिसरे यंत्र घ्यावे, मधला ठिपका ०.८. त्याखाली वेगळ्या ओळीत, अधोरेखित करून: पुढील जाळीची काच जागेवर असतानाच वापरावे, काच काढल्यास १३० मिलीवॅट, डोळ्यास कायमची इजा. मामांनी यंत्रावर पट्टी लावली. 'मधला ठिपका ०.८. तपासले. बा. शि.'

सांस्कृतिक समितीची बैठक दुसऱ्या दिवशी झाली. समितीचे प्रमुख चिवटे सर मराठी शिकवत आणि सूत्रसंचालन करत. त्यांचा आवाज चांगला होता आणि त्यांना ते माहीत होतं. मी कागद पुढं ठेवला. त्यांनी तो हातात घेऊन लांब धरला.

"मॅडम, आम्हाला लाइट शो पाहिजे होता. तुम्ही ताप मोजून आणला."

सगळे हसले. मगदूम सरही.

"पहिलं यंत्र कसलं झगझगीत होतं," चिवटे म्हणाले. "आपला वायरमन पोरे सांगत होता. पोरे लाइटचं बघणार आहे, त्याला विचारा."

"पहिल्याचा मधला ठिपका तीस आहे," मी म्हणाले.

"तीस काय?"

"मिलीवॅट."

"आमच्या घरी बल्ब साठ वॅटचा आहे. आमचे डोळे शाबूत आहेत. मिली हजाराव्या भागाला म्हणतात ना?"

पुन्हा हसले. मी समजावून सांगू लागले. बल्बचा उजेड खोलीभर पसरतो, हा एका टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत पडतो आणि डोळ्याचं भिंग त्याला आणखी बारीक करतं. तिसऱ्या वाक्यापर्यंत चिवटे शेजारच्या बाईंशी नाटिकेच्या साड्यांबद्दल बोलू लागले होते. मी थांबले. मला बोलताना मध्येच थांबवलेलं चालत नाही, पण मी तसं सांगत नाही. माझ्या रागाला आवाज नाही. लोक त्याला शांत स्वभाव म्हणतात आणि मीही त्यांची समजूत कधी दुरुस्त केली नाही.

"तिसरं घ्या," मगदूम सर म्हणाले. "मॅडमनी तपासलंय. विषय संपला."

कागद फाईलला लागला. दुसरी ओळ कुणी वाचली नाही, हे मला त्याच वेळी कळलं होतं, कारण वाचली असती तर चिवट्यांनी तिच्यावरही विनोद केला असता.

संमेलनाच्या दिवशी ग्राउंडवर मांडव घातला होता. वर पांढरं कापड, तीन बाजूंनी कनाती. दुपारी तीनला रंगीत तालीम होती. पोरेनं यंत्र रंगमंचाच्या मागच्या बाजूला, बाराएक फुटांवरच्या आडव्या पाइपला, तोंड वर करून बांधलं होतं. ठिपके मांडवाच्या छतावर पडायचे होते. पण कनातींच्या फटींतून ऊन आत येत होतं आणि छतावर जेमतेम काहीतरी हिरवट हलत होतं.

"हे काय," चिवटे म्हणाले. "काजवे सोडल्यासारखं."

"अंधार पडू दे," मी म्हणाले. "आणि थोडा धूर सोडा. मग दिसेल."

"मला सहा वाजता पाहुण्यांसमोर दाखवायचंय, मॅडम. अंधार सातला पडतो."

"मग ते सातला लावा."

नाचाच्या मुली उभ्या होत्या, माझ्या बारावीच्या सात-आठ त्यांत होत्या. पोरे शिडीवर होता. मामा सतरंज्या घालत होते. चिवट्यांनी हातातला माईक तोंडापासून दूर केला, पण पुरेसा दूर नाही.

"मॅडम, तुमचं काम मोजायचं होतं. ते झालं. आता आम्हाला आमचं करू द्या. तुम्ही लॅबमध्ये बसा निवांत, मी चहा पाठवतो."

त्यातला 'निवांत' कनातीच्या पलीकडं, रस्त्यापर्यंत ऐकू गेला असेल. दोन मुलींनी मान खाली घातली. मी लॅबमध्ये गेले. चहा आला. मी तो बेसिनमध्ये ओतला. साडेचारला मी एक्स्टेंशनची वायर द्यायला एकदा ग्राउंडवर जाऊन आले आणि मग सहापर्यंत लॅबमध्येच बसून राहिले.

कार्यक्रम सुरू झाला, पण सहाचा लाइट शो लांबत गेला. पाहुणे बोलले, बक्षिसं झाली, नाटिका झाली. मी पाचव्या रांगेत कडेला होते. सव्वासातला दिवे बंद केले आणि संगीत लागलं. छतावरून एक जाड हिरवी रेघ सर्रकन फिरली, मग उलटी फिरली. पोरं ओरडली, शिट्या आल्या. पाच-सहा मिनिटं ती रेघ फिरत राहिली. मग एका जागी थांबली. छताच्या कापडावर नुसता एक हिरवा गोळा, हलेना.

माईकवर चिवट्यांचा आवाज आला, खेळकर. "आमचा लेझर जरा लाजलेला दिसतोय. शिरगावे मामा, जरा बघा हो त्याच्याकडं."

लोक हसले. सहाशे माणसं होती. सगळ्यांनी ते ऐकलं.

मामा मागच्या बाजूनं शिडी चढताना मला दिसले. त्यांनी खिशातून रुमाल काढला. धूर सोडला होता, त्याचा थर बसला असेल असं त्यांना वाटलं असणार. मी उठले. माझ्या आणि रंगमंचाच्या मध्ये चार रांगा होत्या. मी "मामा" म्हणाले, पण मला ओरडायची सवय नव्हती आणि संगीत चालू होतं. ते पाइपवरून यंत्राच्या तोंडावर वाकले, डावा डोळा मिटला आणि त्यांचा चेहरा हिरवा झाला. एक सेकंद असेल. नंतर मी तो किती वेळा मोजला, पण सेकंदापेक्षा जास्त भरत नाही.

मी पोचले तोवर ते खाली उतरून शिडीच्या पायरीवर बसले होते. रुमाल हातातच होता.

"काही न्हाई मॅडम. डोळ्यापुढं फूल आलंय. जाईल."

"काच नाहीये, मामा," मी म्हणाले.

"आं?"

"जाळीची काच. काढलीय."

ते माझ्याकडं बघत होते, उजवा डोळा उघडझाप करत. "पट्टी तर आपलीच हाय वर," ते म्हणाले. "०.८. मीच लावलीय. म्हणून तर वाकलो."

फूल गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन मिरजेच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी आलेखाच्या कागदासारखा चौकटींचा एक कागद मामांपुढं धरला, डावा डोळा झाकला आणि मधल्या ठिपक्याकडं बघायला सांगितलं.

"मधे ठिपका न्हाईच," मामा म्हणाले. "भोक हाय. कडंच्या रेघा दिसत्यात. मधल्या खाल्ल्यात कुणीतरी."

डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध भाजल्याचं सांगितलं. कडेचं दिसत राहील. ज्या जागेनं माणूस वाचतो, तेवढी जागा गेली. ती परत येत नाही.

बाहेर आल्यावर मामा बराच वेळ स्टँडच्या पाटीकडं बघत होते, एकदा एक डोळा मिटून, एकदा दुसरा. "कॉलेजची प्रॉपर्टी गेली की ओ," ते म्हणाले. "घरची तेवढी राहिली."

चौथ्या दिवशी मगदूम सरांनी केबिनमध्ये बोलावलं. चिवटे बसलेले होते, पोरे दाराशी उभा होता. टेबलावर टाइप केलेला कागद होता.

"संस्थेला अहवाल पाठवायचाय," सर म्हणाले. "तुम्ही शास्त्राच्या आहात, तुमची सही वजनदार. वाचा."

मी वाचलं. शिरगावे यांनी कुणीही सांगितले नसताना, स्वतःहून, चालू यंत्रात डोकावले. यंत्राची काच निघालेली होती, याची कुणालाही कल्पना नव्हती. दुर्घटना त्यांच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाली.

याचा अर्थ मला कळत होता. निष्काळजीपणा त्यांचा, म्हणजे उपचाराचा खर्च त्यांचा. आणि डोळा गेलेल्या माणसाकडून लॅबचं काम होत नाही, म्हणून दोन वर्षं आधी घरी.

"कुणीही सांगितलं नसताना?" मी म्हणाले. "चिवटे सरांनी माईकवर सांगितलं. सहाशे माणसांनी ऐकलं."

"ती गंमत होती, मॅडम," चिवटे म्हणाले. "कार्यक्रमात बोलतो आपण असं. त्याला काय आदेश म्हणतात?"

"मामांनी कधी तुमचं सांगितलेलं काम गंमत म्हणून सोडलंय?"

"आवाज चढवू नका."

माझा आवाज चढलेला नव्हता.

"आणि काच," मी म्हणाले. "काच पोरेनं काढली. तुम्ही सांगितलंत म्हणून."

पोरे दारातून म्हणाला, "सर म्हणाले उजेड खातीय, काढ. मी काढली. मला काय म्हाईत त्यात काय असतंय. काच म्हंजे काच."

"तू गप," चिवटे म्हणाले. मग ते खुर्चीत मागं रेलले आणि माझ्याकडं बघून, चांगल्या आवाजात, सावकाश म्हणाले, "सर, मॅडमना विचारा. त्या आल्या होत्या साडेचारला. काच टेबलावरच ठेवलेली होती, पेपरवर, स्क्रूंसकट. मी त्यांना दाखवलं सुद्धा. विचारा, त्या काय म्हणाल्या."

मगदूम सरांनी माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही पाहिली होती?"

मी साडेचारला एक्स्टेंशनची वायर द्यायला गेले होते. कनातीतून आत शिरले, तर छतावर ठिपके नव्हते, एक जाड रेघ फिरत होती. मला टेबलाकडं बघायचीही गरज नव्हती, ती रेघच सांगत होती. टेबलावर वर्तमानपत्रावर चौकोनी काच होती, शेजारी चार स्क्रू. एकशे तीस. आकडा माझ्या डोक्यात वहीतल्यासारखा आला. चिवटे म्हणाले, "बघा, आता कसं दिसतंय. काच काढली की झालं काम. एवढ्यासाठी तीन दिवस मोजत बसला होतात."

माझ्याकडं वाक्य तयार होतं. चार शब्दांचं होतं: काच आत्ताच्या आत्ता बसवा. मी ते बोलले नाही. लॅबमध्ये ओतून टाकलेल्या चहाचा वास अजून हाताला होता. मला वाटलं, पुन्हा सांगायचं, पुन्हा हे हसणार, पुन्हा त्या मुली माना खाली घालणार. मला वाटलं, मी लिहून दिलंय. आणि खरं सांगायचं तर असंही वाटलं की काही होऊ दे. कुणाचा तरी कॅमेरा जळू दे, पाहुण्यांच्या डोळ्यांपुढं अंधारी येऊ दे, म्हणजे उद्या हे त्या कागदाची दुसरी ओळ वाचतील. यंत्राचं तोंड वर आहे, बारा फुटांवर आहे, तिथं कुणाचा डोळा जाणार नाही, असा हिशेबही मी केला. तो बरोबर होता. फक्त त्या यंत्राला दुरुस्ती लागली तर शिडी कोण चढतो, हे मी धरलं नव्हतं. गेली एकतीस वर्षं कॉलेजात काहीही अडकलं की शिडी एकच माणूस चढत होता.

मी वायर टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा." आणि निघून आले.

"पाहिली होती," मी मगदूम सरांना म्हणाले.

मग त्यांनी तो टाइप केलेला कागद माझ्याकडं अलगद सरकवला. "मग मॅडम, कुणालाही कल्पना नव्हती, हे वाक्य तुमच्याही हिताचं आहे. नाही का?"

चिवटे खिडकीतून बाहेर बघत होते. ते हसत नव्हते. हसले असते तर कदाचित मला सोपं गेलं असतं.

मी म्हणाले, "कोरा कागद द्या."

लॅबमध्ये मी जसा निष्कर्ष लिहिते तसं लिहिलं, क्रमांक घालून. काच कुणाच्या सांगण्यावरून, कुणी काढली. माईकवरचं वाक्य जसंच्या तसं. यंत्रावरची पट्टी काच असतानाच्या मोजमापाची होती आणि शिरगावे तिच्यावर विसंबले. शेवटचा मुद्दा असा: काच काढल्याचे मी दुपारी साडेचार वाजता पाहिले. काच नसताना शक्ती १३० असते, हे त्या वेळी टेबलापाशी असलेल्यांत फक्त मला माहीत होते. मी सांगितले नाही.

मगदूम सरांनी वाचलं. "शेवटचा मुद्दा काढा," ते म्हणाले. "बाकीचं मी बघतो कसं बसवायचं ते."

"तो काढला तर बाकीचं कुणी खरं मानणार नाही," मी म्हणाले. "चिवटे सर हेच तर सांगतील सगळीकडं."

"तुमची नोकरी आहे, मॅडम."

"मामांचीही आहे."

त्या कागदाची एक प्रत घेऊन मी संध्याकाळी मामांच्या घरी गेले. दुसऱ्या कुणाकडून त्यांना कळलेलं मला नको होतं. मामी आत होत्या, त्यांनी पाणी आणलं आणि चहा टाकायला गेल्या. मामा कॉटवर बसले होते. त्यांनी कागद डाव्या डोळ्यापाशी नेला आणि मान तिरकी करून, रेघ न रेघ, वाचत गेले. शेवटाला त्यांना वेळ लागला.

"तुम्ही बघितली हुती?"

"हो."

"साडेचारला."

"हो, मामा."

"एकशे तीस."

"हो."

त्यांनी कागदाची घडी घातली. "आणि मी सोळा धरून चढलो."

मी म्हणाले, "मला चिवट्यांचा राग आला होता."

"त्यो येडाच हाय," मामा म्हणाले. त्यांचा आवाज तोवर मी कधी ऐकला नव्हता असा होता, सपाट. "पोरेबी येडा. त्यास्नी कळत न्हवतं. त्यांच्यावर रागवून मी काय करू. तुम्हाला कळत हुतं, मॅडम."

मामी दोन कप घेऊन आल्या. त्यांनी मामांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग कप खाली न ठेवता तशाच आत गेल्या. मी थोडा वेळ बसले आणि उठले. मामा दारापर्यंत आले नाहीत.

संस्थेनं उपचाराचा खर्च दिला आणि मामांना निवृत्तीपर्यंत कामावर ठेवलं. चिवटे सरांना लेखी समज मिळाली आणि पुढच्या वर्षीचं स्नेहसंमेलन त्यांनीच केलं. माझी वेतनवाढ एक वर्ष रोखली. ते यंत्र काच लावून एका खोक्यात बांधलं आणि माळ्यावर टाकलं. मामांनी त्याच्यावरची आपली पट्टी आधी काढून घेतली.

सुट्टीनंतर मामा लॅबमध्ये आले. प्रात्यक्षिकं सुरू झाली. परीक्षेआधी उपकरणं तपासून घ्यायची असतात, ते काम नेहमीसारखंच आम्हा दोघांचं होतं. मी सूक्ष्मदर्शकावर वाकले, रेषा जुळवल्या.

"तीन पूर्णांक सत्तेचाळीस," मी म्हणाले.

पेनचा आवाज आला नाही. मी मान वर केली. मामांनी पेन वहीवर आडवं ठेवलं होतं आणि ते स्टुलावरून उठून टेबलाला वळसा घालून माझ्याकडं येत होते.

"जरा सरका," ते म्हणाले.

मी सरकले. ते वाकले, उजवा डोळा मिटला, डावा लावला. त्या डोळ्याला सवय नव्हती, त्याला वेळ लागत होता. बाकावरची मुलं बघत होती.

"सत्तेचाळीस," ते म्हणाले. परत गेले, स्टुलावर बसले आणि मग लिहिलं.

पुढं दोन वर्षं, ते निवृत्त होईपर्यंत, असंच चाललं. माझं एकही वाचन चुकलं नाही. त्यांनी एकही स्वतः पाहिल्याशिवाय वहीत उतरवलं नाही.